पंगतीतली पाच पानं

१

कस्तुराबाईंचं उत्तर चुकलं होतं, आणि म्हणूनच त्या चोर ठरल्या.

१९९६ सालचा ऑगस्ट, रविवारची दुपार. इथं, कन्नड मुलखातल्या शहरात, जयनगर भागात एका कापडदुकानाच्या वर आमचं मराठी वाचनालय आहे. तिथल्या लांब टेबलावर अजितनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक सोडलं. अजित पुण्याचा, सॉफ्टवेअर कंपनीतल्या नोकरीसाठी इथं आलेला. आदल्या रविवारी वाचनालयात प्रश्नमंजूषा झाली होती, तीत तो एका गुणानं हरला होता.

"आजोबांची प्रत. बेळगावहून मागवली," तो म्हणाला. "आता शेवटचा प्रश्न पुन्हा वाचा, काका."

प्रश्नमंजूषेचा विषय होता 'बोचकू अस्वल'. १९३८ साली इथल्याच एका मराठी शाळामास्तरांनी लिहिलेल्या या सहा गोष्टी. बोचकू हे पाठीवर गाठोडं घेऊन हिंडणारं अस्वल. त्याचे सोबती चार: तारामती साळिंदर, नाना कासव, झिपऱ्या मुंगूस आणि बनू टिटवी. वाटेत सापडेल ते बोचकू गाठोड्यात टाकतो आणि ज्याला लागेल त्याला देतो.

प्रश्न काढले होते हयवदनरावांनी. ते निवृत्त शिक्षक. त्यांनी खिशातून कार्ड काढून वाचलं. "टिटवी गाव सोडून गेली. त्यानंतरच्या पंगतीत बोचकूनं किती पानं मांडली? उत्तर, पाच."

"मी म्हणालो होतो, त्यानंतर पंगतच नाही. तुम्ही मला चूक दिलीत. प्रश्न कस्तुराबाईंकडे गेला, त्या 'पाच' म्हणाल्या आणि जिंकल्या." अजितनं पुस्तक सगळ्यांकडे वळवलं. "ही अनुक्रमणिका बघा. पंगत पाचवी गोष्ट. टिटवी जाते सहाव्या गोष्टीत. तिथं पुस्तक संपतं. म्हणजे कार्डावरचं उत्तर चुकीचं. मग तेच चुकीचं उत्तर यांना कुठून मिळालं?"

कस्तुराबाई खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. वाचनालय उघडलं की त्या येत आणि बंद होईपर्यंत बसत. मीही रविवारी त्यांच्या समोर बसायची. मी नागपूरची, एम.एस्सी. करून इथल्या एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून लागले होते. तिथं मराठी कुणालाच येत नव्हतं. मी एकदा मोजलं होतं: सोमवार ते शनिवार मिळून मी मराठीत अकरा वाक्यं बोलले होते, त्यातली चार स्वतःशी. रविवारी मात्र कस्तुराबाई विचारायच्या, "काय म्हणतोय गं पेपर आज? चष्मा राहिला घरी. तू स्वल्प मोठ्यानं वाच की." आणि मी वाचायची. माझ्या कापडी पिशवीचा बंद तुटला तेव्हा तो त्यांनीच शिवून दिला होता.

"सिद्धी," वाचनालयाचे चिटणीस जयतीर्थ माझ्याकडे वळले, "तू सायन्सवाली. तुला काय वाटतं?"

मी विचार न करता खरं ते बोलले. "आमच्याकडे दोन नमुन्यांत एकच दुर्मीळ चूक सापडली, तर ते दोन्ही एकाच मुळातून आलेत असं धरतात. बरोबर उत्तर कुणालाही स्वतंत्रपणे सापडू शकतं. तीच चूक दोघांना सापडत नाही."

"म्हणजे कार्ड पाहिलं," जयतीर्थ म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "अक्का, पुढच्या रविवारी समिती बसेल. तोवर... तोवर तुम्ही येऊ नका."

कस्तुराबाईंनी अजितकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलून त्या जिना उतरल्या.

२

त्या रात्री मला माझंच वाक्य पुन्हापुन्हा आठवत राहिलं. त्यात एक भोक होतं. दोन चुकांचं मूळ एक असतं, हे बरोबर. पण ते मूळ कार्डच आहे, हे कुणी सिद्ध केलं होतं? हयवदनरावांचं उत्तरही कुठून तरी आलंच होतं की.

मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी फिल्टर कॉफी दिली आणि मी विचारण्याआधीच म्हणाले, "चूक माझी नाही. मी वाचनालयाच्या प्रतीवरून प्रश्न काढलेत. त्या प्रतीत टिटवी आधी जाते, पंगत नंतर होते. मला वाटलं, ती परत आली."

"मग कस्तुराबाईंनीही तीच प्रत वाचली असेल."

"कशी वाचतील? ती काचेच्या कपाटात असते. किल्ली जयतीर्थाच्या कमरेला. घरी कुणाला देत नाहीत, इथं बसूनही वाचू देत नाहीत. मलासुद्धा अर्ज करावा लागला."

"आणि कार्डं?"

"प्रश्नमंजूषेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पिशवीत होती. पिशवी टेबलावर ठेवून मी खाली कॉफीला गेलो. वीसेक मिनिटं."

"तेव्हा वाचनालयात कोण होतं?"

"कुणी नव्हतं." त्यांनी पेल्यातली कॉफी फिरवली. "अक्का सोडून."

३

बुधवारी जयतीर्थांनी कपाट उघडून दिलं. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून या मुलखातलं. घरी मराठी, बाहेर कन्नड; हिशेबाचे आकडेही ते कन्नडमध्येच पुटपुटत. "अर्धा तास," ते म्हणाले. "सरी? चालेल ना? आणि पानं स्वल्प जपून."

अजितची प्रत मी आठवड्यासाठी मागून घेतली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या.

कोडं निम्मं तिथंच सुटलं. हे पुस्तक एकदम छापलेलं नव्हतं. दर महिन्याला सोळा पानांचा एक फर्मा निघायचा, एका फर्म्यात एक गोष्ट. वर्गणीदारांनी सहा फर्मे जमवून आपापल्या बाइंडरकडून बांधून घ्यायचे. अनुक्रमणिका शेवटच्या महिन्यात सुटी मिळाली होती. वाचनालयाच्या प्रतीत ती नव्हतीच. १९७१ साली ही प्रत चिकपेटच्या एका बाइंडरकडून पुन्हा बांधून घेतली होती, तशी चिठ्ठी आत चिकटवलेली होती. कडा कापताना तळाचे पृष्ठांक गेले होते. आणि शेवटचे दोन फर्मे उलटसुलट शिवले गेले होते.

पण उलटसुलट का? मी फुटपट्टी काढली. प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला बोचकूचं गाठोड्यासकट एक चित्र आहे. गाठोड्याची रुंदी मी मिलिमीटरमध्ये मोजली. वाचनालयाच्या प्रतीत: अकरा, चौदा, एकोणीस, तेवीस, सव्वीस, एकतीस. चढती. अजितच्या प्रतीत मात्र शेवटी एकतीस, मग सव्वीस, कारण जाणाऱ्या टिटवीला शिदोरी देऊन बोचकूचं गाठोडं लहान झालेलं असतं.

म्हणजे ज्यानं फर्मे लावले, त्यानं अक्षरं वाचली नव्हती. चित्रं पाहिली होती. गाठोडं वाढत जातंय, त्या क्रमानं लावले होते.

मी पुस्तक मधोमध उघडून शिवण पाहिली. निळा रेशमी दोरा. शेवटी दोन गाठी आणि त्यांच्यामधून ओढून घेतलेला एक फास. बाइंडर असली गाठ मारत नाहीत.

ही गाठ मी कुठं तरी पाहिली होती. आठवायला फार लांब जावं लागलं नाही. ती माझ्या खांद्यावर होती, पिशवीच्या बंदाला.

४

गुरुवारी हयवदनरावांनी मला गुणपत्रक दिलं. बारा प्रश्न. कस्तुराबाईंचे आठ बरोबर, चार चुकलेले. मी बाराही प्रश्न पुस्तकाशी ताडून पाहिले आणि त्यांपुढे खुणा केल्या.

नानाच्या चष्म्याला दोरी कसली? सुतळीची. चित्रात दिसते. बरोबर. तारामतीच्या किती काट्यांवर पेरू अडकले? सात. चित्रात मोजता येतात. बरोबर. बोचकूच्या गावाचं नाव काय? फक्त मजकुरात. चुकलं. झोपेत नाना काय पुटपुटतो? फक्त मजकुरात. चुकलं.

आठच्या आठ चित्रांत होती. चारच्या चार चित्रांबाहेरची.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. घरी राहिलेला चष्मा. वाचनालयाचं सह्यांचं रजिस्टर, ज्यात त्या नाव कन्नडमध्ये लिहीत. इथं निम्मे लोक तसंच लिहितात, म्हणून कुणाला काही वाटलं नव्हतं. आणि मागच्या महिन्यातला तो बसस्टॉप: त्यांनी चष्म्याशिवाय तिकिटावरची बारीक कन्नड अक्षरं वाचून कंडक्टरला "हे कालचं तिकीट फाडलंत की हो" म्हणून सुनावलं होतं.

त्यांची खोली जवळच होती, एका घराच्या मागच्या अंगाला. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर एका तरुणाचा फोटो. त्यांनी मला आत घेतलं, पण बस म्हणाल्या नाहीत.

"कस्तुराबाई, तुम्ही चिकपेटच्या बाइंडरकडे काम करायचात?"

"घरी आणून शिवायचे मी फर्मे. यजमान गेल्यावर अकरा वर्षं तेच केलं. त्यात चोरी काय?"

"काही नाही. आणि तुम्हाला..." मला ते वाक्य पुरं करता येईना. "तुम्हाला कन्नड वाचता येतं. मराठी येत नाही. म्हणजे बोलता येतं, पण ही अक्षरं..."

त्या खाटेवर बसल्या.

"कन्नड शाळेत घातलं होतं बाबांनी. चौथीपर्यंत. मराठी ती घरात बोलायची, शिकायची कशाला?" त्या म्हणाल्या. "मुलगा अमेरिकेला गेला. घरात मराठी बोलायला भिंत उरली. म्हणून तुमच्या वाचनालयात आले. पुस्तक हातात नसलं तर बसू देतील का? मग घेतलं हातात."

"किती वर्षं?"

"सहा."

"मी हे समितीला सांगितलं की सगळं मिटेल. तुम्हाला कार्ड वाचणंच शक्य नव्हतं."

"नाही." त्या ताडकन उठल्या. "शपथ आहे तुला, पुट्टी, माझ्या पोरी. चोर म्हणू देत. सहा वर्षं पुस्तक धरून नुसती बसली, म्हणून हसू नये कुणी. चोरावर कुणी हसत नाही."

५

रविवारी सगळे जमले. कस्तुराबाईही आल्या, पण आपल्या खुर्चीत बसल्या नाहीत. दाराशी उभ्या राहिल्या.

शपथ मोडायची नाही, असं मी ठरवलं होतं. एवढी एक गोष्ट वगळून जेवढं सिद्ध करता येईल तेवढं करायचं. मी दोन्ही प्रती मांडल्या. फर्मे दाखवले, कापलेल्या कडा दाखवल्या, गाठोड्यांची मापं वाचली. माझी पिशवी पुस्तकाशेजारी ठेवून दोन्ही गाठी दाखवल्या.

"ही प्रत १९७१ साली कस्तुराबाईंनी शिवली. कपाटात जाण्याआधी ती त्यांच्या घरी होती. हयवदनकाकांनी आणि त्यांनी एकच पुस्तक पाहिलंय. चुकीचं मूळ कार्ड नाही. हे पुस्तक आहे."

हयवदनराव सुस्कारा सोडून मागं टेकले. अजितचं समाधान झालं नाही.

"ओके, पुस्तक घरी होतं. म्हणून कार्ड पाहिलंच नाही, असं होत नाही ना? वीस मिनिटं होती."

"कार्ड पाहिलं असतं तर चार प्रश्न का चुकले?"

"संशय येऊ नये म्हणून. मी असतो तर मीही दोनचार सोडले असते."

"नेमके हेच चार सोडले असतेस?" मी गुणपत्रक त्याच्याकडे सरकवलं. "बरोबर आलेले आठ चित्रांत आहेत. हे चार फक्त मजकुरात."

अजित वाचत गेला. तो हट्टी असला तरी बुद्धीशी प्रामाणिक होता. "करेक्ट," तो हळू म्हणाला. "कार्ड बघून असं सॉर्टिंग कुणी करणार नाही. पण मग..." त्यानं मान वर केली. "पुस्तक घरात होतं, चित्रं पंचवीस वर्षं लक्षात राहिली, आणि मजकुरातली एक ओळ आठवत नाही? असं कसं? वाचलंच नाही का?"

हा प्रश्न येणार हे मला आधी कळायला हवं होतं. जयतीर्थ माझ्याकडे पाहत होते, हयवदनराव पाहत होते. खाली दुकानात कुणी तरी ताग्यातलं कापड टर्रकन फाडलं.

"सांग की," अजित म्हणाला. "एवढं सगळं मोजलंस..."

"तिला शपथ घातलीय मी." कस्तुराबाई दारातून आत आल्या. टेबलावरचं कार्ड त्यांनी उचललं, डोळ्यांसमोर धरलं आणि परत ठेवलं. "मला हे वाचता येत नाही. एक अक्षर येत नाही. आता हसा."

कुणी हसलं नाही. जयतीर्थ उठले, रजिस्टर घेऊन आले आणि उघडून टेबलावर ठेवलं.

"मोज रे अजित, यात कन्नड सह्या किती ते. माझी आई या वाचनालयाची संस्थापक सभासद. तिला देवनागरी येत नव्हती. मीच तिसाव्या वर्षी शिकलो, हयवदन अण्णांकडे, शाळेतल्या पोरांबरोबर बसून." त्यांनी खिडकीजवळची खुर्ची ओढून पुढं केली. "बसा, अक्का. उभ्या का?"

अजित कानापर्यंत लाल झाला होता. "मावशी, सॉरी. रिअली."

"एक मार्क तुझाच आहे," कस्तुराबाई बसत म्हणाल्या. "उत्तर तुझंच खरं होतं. तो बक्षिसाचा डबा घेऊन जा. त्याचं झाकण बसत नाही, तेही बघ."

६

समितीनं ठरवलं, पुस्तक योग्य क्रमानं पुन्हा शिवायचं. शिवणार कस्तुराबाईच. काम वाचनालयातच करायचं, आणि मी मदतीला.

पुढच्या रविवारी साडेचारला त्यांनी निळा दोरा कापला. सहाही फर्मे टेबलावर सुटे झाले.

"तुझी ती मापं," त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "छान होती. पण फुटपट्टी लावून गाठोडी कोण मोजतं गं?"

"म्हणजे?"

"मालकानं फर्मे क्रमानंच दिले होते. खालचे बारके आकडे बघून त्यानंच लावलेले. मला सगळं ठाऊक होतं."

मी हातातला फर्मा खाली ठेवला. सहा मापं अगदी अचूक होती, फक्त त्यांच्यामागचं कारण मी बनवलेलं होतं.

"माझा सुधींद्र तेव्हा चार वर्षांचा होता," त्या म्हणाल्या. "मी शिवायला बसले की तो चित्रं मागायचा. मी पाहून पाहून गोष्ट रचायची. शेवटच्या चित्रात हा बोचकू बघ, दाराबाहेर एकटा, पुढ्यात रिकामं पान. टिटवी गेली, जेवायलासुद्धा काही नाही. पोर रडायचं. झोपेना. एके दिवशी मी दोन फर्मे बदलले. आधी टिटवी जाते, मग पंगत. पाच पानं, पाच जण. आली की नाही परत? आली. मग झोपला." त्यांनी दोरा दातानं तोडला. "तसंच शिवून टाकलं. देताना बदलायला हवं होतं. नाही बदललं."

भिंतीवरचा फोटो मला आठवला. "आता ते कधी येतात?"

"येतो म्हणतो. तीन वर्षं झाली."

त्यांनी पाच फर्मे एकावर एक रचले. सहावा हातात धरून थांबल्या. "हे शेवटीच जाणार ना आता? मग एकदा वाच. काय लिहिलंय ते तरी कळू दे."

वाचनालयात मोठ्यानं वाचायचं नाही असा नियम आहे. जयतीर्थ कपाट पुसत होते. त्यांनी पाठ आमच्याकडेच ठेवली.

मी वाचलं. टिटवीनं निरोप घेतला, बोचकूनं गाठोड्यातलं निम्मं तिला बांधून दिलं. मग शेवटचं पान आलं, ते रिकाम्या पानाचं चित्र असलेलं. त्याखाली चार ओळी होत्या. "बोचकू जेवला आणि भांडी घासून बाहेर आला. त्यानं अंगणात एक पान मांडलं, आणि मग रोज मांडलं. टिटवीला वाट नेहमी सापडते. पण खाली मांडलेलं पान दिसलं, तरच ती उतरते."

"पुन्हा वाच," कस्तुराबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे तो जेवलेला आहे."

"हो."

"हे पान त्याचं नाही."

"नाही. तिचं आहे."

त्यांनी चित्रावरून बोट फिरवलं, पानाच्या कडेनं, सावकाश. पंचवीस वर्षं त्यांनी त्या अस्वलाला उपाशी समजलं होतं. मग फर्मा उचलून इतरांच्या तळाशी, शेवटच्या जागी ठेवला आणि कडा ठोकून सारख्या केल्या.

"अमेरिकेत आता किती वाजले?"

"कुठल्या गावी?"

"न्यूयॉर्कच्या बाजूला."

मी हिशेब केला. इथं साडेपाच. "सकाळचे आठ."

"उठला असेल. तीन वर्षं मी फोन केला नाही. म्हटलं, त्यानं करावा." त्यांनी सुई पहिल्या फर्म्यात घातली. "कोपऱ्यावरच्या बूथवरून लागतो ना अमेरिकेचा? नंबर इंग्रजीत लिहिलेला आहे, तू फिरव."

"चला," मी उठले.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "आधी गाठ मारू दे."